लोकमान्य नगर, इंदूर: आटलेलं बोरिंग आणि दोन छतांचं पाणी

६ एप्रिल

मोटर बारा मिनिटं चालली आणि नळातून पाण्याऐवजी हवा फुरफुरायला लागली. मागच्या वर्षी ही वेळ मे उजाडल्यावर आली होती, यंदा चैत्रातच. गल्लीतल्या पाच घरांत मिळून हे एक बोरिंग. १९९८ साली मारलेलं, ३२० फूट. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे, आणि खालची टाकी भरेस्तोवर दाब संपतो. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं त्यात भागतं. बाकी सगळं बोरिंगवर.

दुपारी सीझनचा पहिला टँकर आला. ५,००० लिटर, ८०० रुपये. पाच टाक्यांत वाटायचा तर पाइप आधी कोणाकडे टाकायचा यावर गेटपाशी अर्धा तास गेला. टँकरवाला कानात इअरफोन घालून बसून राहिला, त्याला हे रोजचंच.

कोपऱ्यावरचे काका म्हणाले, दुसरं बोरिंग मारू. पण उन्हाळ्यात जिल्हाधिकारी मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६ खाली खासगी बोरिंगवर बंदी घालतात, आणि समजा परवानगी मिळालीच तरी खाली पाणी असेल याची हमी कोण देणार? मी म्हटलं, आहे त्याच भोकात पावसाळ्यात छताचं पाणी सोडून बघू. "बघ बाई," असं म्हणून सगळे आपापल्या घरी गेले. तेव्हा ही वही माझ्याच गळ्यात.

७ एप्रिल

गल्लीच्या टोकाला जुनी विहीर आहे. वर स्लॅब, स्लॅबवर स्कूटर. सासूबाईंचं म्हणणं, ती उघडून गाळ काढा. दगडी बांधकाम असलेल्या विहिरीत पाणी जिरवणं खरं तर बोरिंगपेक्षा सोपं. पण ३० मार्च २०२३ ला रामनवमीच्या दिवशी पटेल नगरातल्या मंदिरात बावडीवरचं छत खचून ३६ माणसं गेली. तेव्हापासून इंदुरात झाकलेल्या विहिरीचं नाव काढलं की लोक दोन पावलं मागे सरतात. स्लॅबखाली काय अवस्था आहे, आत वायू साठलाय का, हे तपासायला जाणकार माणूस हवा. तो मिळेपर्यंत तिथली स्कूटर हलवायची, इतकंच ठरलं. स्कूटर हलली नाही.

१२ एप्रिल

पाणी किती खोल आहे ते मोजायचं होतं. आधीचा आकडा नसेल तर नंतर फरक कशाशी ताडणार?

सुतळीला मोठा नट बांधला आणि बोरिंगच्या टोपणाच्या फटीतून खाली सोडला. दोनशे फुटांच्या आसपास तो मोटरच्या दोरात अडकला. वर ओढला, खाली सोडला, उजवीकडून, डावीकडून. शेवटी सुतळी तुटली. नट अजून तिथेच आहे आणि मोटर बाहेर काढेपर्यंत तिथेच राहणार.

दुसऱ्या खेपेला डोकं चालवलं. सायकलच्या जुन्या पंपाची बारीक पितळी नळी घेतली, तीत वाळू भरून दोन्ही तोंडं एम-सीलने बुजवली. तिला कडा नाहीत, त्यामुळे अडकत नाही. सुतळीऐवजी नायलॉनचा दोर, दर दहा फुटांवर नेलपॉलिशची खूण (लाल, आमच्या लेकीच्या खजिन्यातून, न विचारता). नळी पाण्याला टेकली की दोर हाताला हलका लागतो. तीनदा मोजलं: २१४, २१३, २१४. मोटर आहे २९० फुटांवर. म्हणजे पाणी आहे, पण झरे इतके मंद झालेत की मोटर बारा मिनिटांत उपसा संपवते.

१९ एप्रिल

छतं मोजली. आमचं १,०५० चौरस फूट, शेजारच्या वहिनींचं ९००. मिळून १,९५० चौरस फूट, म्हणजे १८१ चौरस मीटर. हिशेब सोपा आहे: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. इंदूरचा पाऊस वर्षाला सदतीस इंचांच्या आसपास, म्हणजे ९४० मिलिमीटर. उडून गेलेलं, वाया गेलेलं वगैरे पाचवा भाग वजा केला तरी १,३६,००० लिटर उरतं. टँकरच्या भाषेत सत्तावीस टँकर. हा आकडा मी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पाच अंगठे आले, पैसे दोघांचेच आले.

तिसऱ्या घराने निदान खरं कारण तरी दिलं. त्यांच्या छतावर कबुतरांचं बिऱ्हाड आहे आणि ती घाण बोरिंगमध्ये नको. बरोबर आहे. त्यांचं छत वगळलं.

२२ एप्रिल

वहिनींचं छत घ्यायचं ठरलं, पण छत रिकामं कुठे आहे? तिथे कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, मिरच्या. साड्यांवर पसरलेलं सगळं वाळवण, चारी कोपऱ्यांना विटा. वहिनींनी बजावलं, "पाइप लावायला ये, झाडू मारायला ये, पण दहा मेच्या आत नाही." त्यांचं बरोबर होतं, ऊन मिळतं ते याच दिवसांत. पण पन्हळीच्या तोंडाशी मागच्या सालच्या कुरडयांचा चुरा साचून दगडासारखा झाला होता. तो मी चमच्याने खरवडून काढला. छताचं पाणी स्वच्छ असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा हा चमचा हातात घ्यावा.

२६ एप्रिल

मी केलेली सगळ्यात महागडी चूक आज झाली, आणि आज आम्हाला ती चूक वाटलीच नाही.

डोक्यात असं होतं की पाणी थेट बोरिंगमध्ये सोडण्याआधी शेजारी एक शोषखड्डा करावा. पाच बाय पाच, सहा फूट खोल. दोन मजूर, दोन दिवस, ७०० रुपये रोज, एकूण २,८००. संध्याकाळी खड्डा झाला. काळी माती, भेगा इतक्या रुंद की त्यात माझं अख्खं बोट गेलं. चाचणी म्हणून टँकरमधलं ३०० लिटर पाणी ओतलं. वीस मिनिटांत गडप! काकांनी टाळी वाजवली. मुलांनी व्हिडिओ काढला. मी ग्रुपवर लिहिलं, "जमलं."

२७ एप्रिल

परत ३०० लिटर ओतलं. सकाळी आठला ओतलेलं पाणी रात्री आठला होतं तसंच. चार बोटं उतरलं असेल, त्यातलंही किती उन्हाने खाल्लं देव जाणे.

काय झालं ते काकांनी सांगितलं (ते सरकारी पाणी खात्यातून निवृत्त झालेत, पण खड्डा खणताना गप्प होते). माळव्याची काळी माती उन्हात फाटते. पहिलं पाणी त्या भेगांतून पळतं, आणि पळता पळता मातीला फुगवतं. भेगा मिटल्या की तीच माती मातीच्या घड्यासारखी पाणी धरून बसते. म्हणजे काल आम्ही खड्डा नाही, भेगा तपासल्या.

तुम्ही खड्डा करणार असाल तर सलग तीन दिवस पाणी ओता आणि तिसऱ्या दिवसाचाच आकडा धरा. आणखी दोन-तीन फूट खाली मुरूम लागला असता, तिथे पाणी जिरतं. पण खड्ड्यापासून जेमतेम आठ फुटांवर पलीकडच्या घराची ड्रेनेजची लाइन आहे. तिच्याजवळ पाणी जिरवायला मला धीर झाला नाही. शिवाय लग्नसराई लागली होती, मजूर परत फिरकलेच नाहीत.

उघड्या खड्ड्यात साचलेलं पाणी म्हणजे डासांची सोय. तिसऱ्या दिवशी अळ्या दिसल्या. बादल्यांनी उपसून ते पाणी कडुनिंबाला घातलं.

३ मे

पारा ४२ च्या वर. इंदूरच्या उन्हाळ्यातल्या रात्रींचं पूर्वी फार कौतुक, शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणायचे. आमच्या लहानपणी छतावर झोपायचो आणि पहाटे गोधडी ओढून घ्यायचो. आता रात्री अकराला कूलरमध्ये पाणी घालायला उठावं लागतं, आणि कूलर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पितो. टँकरचं पाणी कुठे जातं, त्याचं निम्मं उत्तर हेच आहे.

खड्ड्याचा नाद सोडला. पाणी गाळून थेट बोरिंगच्या केसिंगमध्ये (वरच्या भागातल्या लोखंडी नळीत) सोडायचं ठरलं. आमच्याकडे त्यासाठी देवास फिल्टर माहीत आहे. पस्तीस किलोमीटरवरच्या देवासला पाण्याचे हाल टोकाला गेले होते, तेव्हा तिथे हा निघाला. पीव्हीसीची जाड नळी, आत तीन कप्पे, तीन आकारांचे खडे: २ ते ६, ६ ते १२ आणि १२ ते २० मिलिमीटर. एका टोकाने छताचं पाणी आत, दुसऱ्या टोकाने बोरिंगकडे. सुटे भाग उघडून धुता येतात, हे मला सगळ्यात आवडलं. तयार फिल्टर २,६०० ला आणला.

१० मे

प्लंबर आला. आल्यापासून सगळे प्रश्न माझ्या नवऱ्याला. "भिया, पाइप किधर से ले जाना है?" नवरा माझ्याकडे बघतो, मी सांगते, प्लंबर नवऱ्याकडे बघून मान हलवतो. जेवायच्या सुट्टीपर्यंत असंच चाललं. मग मी वहीतला नकाशा त्याच्या हातात दिला, तेव्हापासून "दीदी".

तीन इंची पाइप घेतले, ४०० ला एक, दहा फुटी, आठ नग. स्वस्त पडतात म्हणून. आज आमच्या छतापासून तीस फूट बसवले.

१४ मे

वळवाचा पाऊस! दुपारी साडेचारला धुळीचं वादळ, वीज गेली आणि मग पंधरा मिनिटं सडसडून पाऊस. मुलाने सरळ उभ्या डब्यात पट्टी धरून मोजला, १२ मिलिमीटर. बोरिंगपर्यंत पाइप अजून पोचलेला नव्हता, पण जेवढा होता तेवढ्यानेच बरंच शिकवलं. पहिल्या वळणावर पाणी टोपण उडवून कारंज्यासारखं उसळलं आणि थेट वहिनींच्या खिडकीत. खिडकी उघडी होती. आत इस्त्रीचे कपडे.

दोन कारणं. पाइप बारीक, हे एक. एका छताच्या पाण्याला तो पुरत नाही, तर दोन छतांचं पाणी कुठून घेणार? दुसरं कारण मोठं: प्लंबरने क्लॅम्प डोळ्याच्या अंदाजाने ठोकले होते. पाऊस थांबल्यावर पाइपवर पाणसळ ठेवली, तर मधले आठ फूट चक्क उलट्या उताराला. पाणी मध्येच तळं करून बसलं होतं.

वहिनींचे कपडे मी परत धुऊन, इस्त्री करून दिले. ते या हिशेबात धरलेलं नाही.

१७ मे

तीन इंची पाइपचे पाच अख्खे नग दुकानदाराने दहा टक्के कापून परत घेतले. कापलेले तीन आमच्याच माथी. नुकसान १,४००. चार इंची नऊ नग आणले, ६८० ला एक.

आता उताराचा प्रश्न. आमच्या भिंतीपासून बोरिंग ७२ फुटांवर. शंभराला एक असा उतार धरला तर सुमारे नऊ इंच हवेत. ते जमलं असतं, पण मध्ये काकांचं फाटक. खालून न्यायचं तर परत खणणं, म्हणून वरून. काका म्हणाले, वरून चालेल, पण साडेसात फुटांच्या खाली नाही. का? तर गणपती आणताना मूर्ती डोक्यावर घेतलेली असते. मी आधी हसले. मग मागच्या वर्षीचा फोटो काढून बघितला. मूर्ती, डोक्यावरचा पाट, वर छत्री. काका साडेसात म्हणाले ते कमीच होतं. पावणेआठ धरले.

आता सगळं वरून मोजत यायचं. फाटकावर पावणेआठ, म्हणजे आमच्या बाजूला सव्वाआठ, आणि छतावरून उतरणारा पाइप तिथेच कापायचा. यावेळी डोळ्याचा अंदाज नाही. पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक मी धरलं, दुसरं मुलाने, आणि भिंतीवर दर पाच फुटांवर पेन्सिलीची खूण. प्लंबर आधी वैतागला, नंतर त्यालाच ते बरं वाटायला लागलं. अर्धा दिवस गेला, पण क्लॅम्प एकदाच ठोकले.

२४ मे

केसिंगला भोक. लोखंडी केसिंग ४० फुटांपर्यंत आहे, त्याखाली नुसता काळा दगड. टोपणाखाली दीड फुटावर भोक पाडून सॉकेट वेल्ड करायचं, त्यात फिल्टरचा पाइप बसवायचा. वेल्डिंगवाला म्हणाला दहा मिनिटांचं काम. मला धास्ती होती ती लोखंडाच्या किसाची आणि ठिणग्यांची, कारण आत मोटरची केबल आहे. म्हणून आधी मेन स्विच बंद, केबल एका बाजूला बांधून घेतली, आणि भोकाच्या खाली ओल्या गोणपाटाचा बोळा दोराने बांधून अडकवला. काम झाल्यावर बोळा वर काढला तर त्यावर चांगला मूठभर कीस होता. १,२०० रुपये.

काम चालू असताना बोरिंगचं तोंड दोन तास उघडं होतं. तेवढा वेळ सासूबाई तिथे खुर्ची टाकून बसल्या होत्या. गल्लीत चार लहान मुलं आहेत. यात काही शिकवण्यासारखं नाही, फक्त हे काम करताना कोणीतरी तिथे बसा.

उद्यापासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस.

३१ मे

फिल्टरमध्ये आलेले खडे दिसायला स्वच्छ होते. बादलीत टाकले तर पाणी चहासारखं. वाळूच्या ठेल्यावरून वर घालायला आणखी थोडी खडी आणली होती (६०० रुपये), ती त्याहून वाईट. एकदा धुतले, दोनदा, तीनदा. भर मे महिन्यात, टँकरच्या पाण्याने. साधारण अर्धा टँकर पाणी मी खडे धुण्यात घातलं, आणि काकूंनी गॅलरीतून ते सगळं पाहिलं. काही बोलल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

धुतलेलं गढूळ पाणी बागेत सोडलं. पावसाच्या आधी धुवायचंच असेल तर टँकर सुरू व्हायच्या आत धुवा.

या उन्हाळ्यात आत्तापर्यंत नऊ टँकर झाले.

७ जून

जोडणी पूर्ण. दोन छतं, चार इंची पाइप, बोरिंगजवळ एक वॉल्व, मग फिल्टर, मग केसिंग. वॉल्व कशासाठी? हंगामाच्या पहिल्या पावसात छतावरची धूळ, विष्ठा, पाला सगळं वाहून येतं. ते बोरिंगमध्ये जाऊ द्यायचं नाही, वॉल्व फिरवून बाहेर बागेत काढायचं. पाच-दहा मिनिटांनी पाणी नितळ दिसलं की वॉल्व उलटा फिरवायचा. सोपं.

मी एक तक्ता केला. सोमवार-मंगळवार आमचं घर, बुधवार-गुरुवार वहिनी, शुक्रवार-शनिवार काका, रविवार जो जागा असेल तो. तक्ता लॅमिनेट करून भिंतीवर चिकटवला. तारखेची जागाही ठेवली, सही करायला.

काका म्हणाले, "१९७० साली आम्ही नर्मदेसाठी मोर्चे काढले, तेव्हा मी कॉलेजात होतो. १९७८ ला पाणी आलं. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, घाट चढवून. तेव्हा वाटलं होतं आता पुन्हा पाण्यासाठी काही करावं लागणार नाही." मग तक्ता नीट वाचला आणि विचारलं, "शुक्रवारी माझं नाव का? शुक्रवारी मी भजनाला असतो."

१६ जून

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी पाऊस आला.

मी जागी झाले तेव्हा साडेतीन झाले होते. टॉर्च घेऊन धावले. वॉल्व बोरिंगच्या बाजूला उघडा. कोणीच फिरवला नव्हता, कारण तो फिरवायचा पावसाच्या आधी, आणि पाऊस तीनला येणार हे कोणाला माहीत? वार मंगळवार, म्हणजे पाळी आमचीच.

सकाळी फिल्टर उघडला. पहिल्या कप्प्यात काळा चिखल, कडुनिंबाच्या काड्या, एक पंख, आणि कुरडईचे तुकडे, पाण्याने फुगून परत शेवयांसारखे झालेले. वहिनी म्हणाल्या, "तळून वाढू का?" फिल्टरने बरंच अडवलं, पण बारीक गाळ पुढे गेला असणारच. मोटर चालू केली तर पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ. दोन दिवस बोरिंगचं पाणी फक्त संडासाला आणि झाडांना वापरायचं, असं ग्रुपवर टाकलं. त्या संदेशाला एकही अंगठा आला नाही.

मी दोन महिने उतार, खडे, केसिंग यात घालवले आणि सगळं काम एका माणसाच्या झोपेवर टांगून ठेवलं. तक्ता काढून टाकला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

२१ जून

वॉल्वऐवजी ड्रम. निळा, २०० लिटरचा, झाकणाला कडी असलेला, जुना ९०० ला मिळाला (आधी त्यात साबणाचं द्रावण होतं, म्हणून सात वेळा धुतला). पाइपला फिल्टरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) बसवला, टीचं खालचं तोंड ड्रमच्या झाकणात. पाऊस आला की पहिलं पाणी आपोआप खाली ड्रममध्ये पडतं. दोन छतांवरचा पहिला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण १८० लिटर, तो सगळा ड्रममध्ये. ड्रम भरला की उभ्या पाइपातला चेंडू वर तरंगून रिड्यूसरमध्ये (पाइप अरुंद करणाऱ्या जोडात) घट्ट बसतो, आणि मागून येणारं पाणी सरळ फिल्टरकडे. ड्रमच्या तळाला नळ, तो नेहमी किंचित उघडा. पाऊस थांबला की चार-पाच तासांत ड्रम रिकामा होऊन पुढच्या पावसाला तयार. फिरवायचं काहीच नाही.

पहिल्या चाचणीत ड्रम भरेचना. गुडगुड आवाज आणि पाणी थेट पुढे. आतल्या हवेला बाहेर जायला वाट नव्हती. झाकणात एक बारीक नळी बसवून टीच्याही वर उभी केली, मग भरला. चेंडूही दोनदा बदलला. पहिला टेबल टेनिसचा होता, तो रिड्यूसरमधून सुटून पलीकडे जात होता. आता लहान मुलांचा रबरी आहे, तो बसतो. झाकणाच्या कडेने थोडं पाझरतं. ते चालतं.

रिकामा खड्डा अजून तसाच होता. त्यात बांधकामाचा तुटका राबिट आणि माती भरली (९०० रुपये), आणि ड्रमच्या नळाचं पाणी तिकडे वळवून कर्दळी लावल्या. खड्ड्याचा एवढाच काय तो उपयोग झाला.

२४ जून

रात्री ४१ मिलिमीटर. मी उठले, खिडकीतून ऐकलं आणि परत झोपले.

सकाळी ड्रमच्या नळातून आलेलं पाणी काळं, फिल्टरचा पहिला कप्पा जवळपास स्वच्छ. हिशेबाने त्या एका रात्रीत सहा हजार लिटरच्या आसपास पाणी बोरिंगमध्ये गेलं असावं. पाऊस चालू असताना आणि त्यानंतर चार तास मोटर लावायची नाही, नाहीतर ढवळलेलं पाणीच वर येतं. हा नियम पाचही घरांनी मान्य केला. एका घराने मोडला, त्यांची टाकी त्यांनीच धुतली.

२८ जून

पितळी नळी खाली सोडली. १९३ फूट. मोटर एकोणीस मिनिटं चालली. एप्रिलपेक्षा पाणी एकवीस फूट वर आलंय. यातलं आमच्या छतांचं किती आणि आजूबाजूच्या पावसाचं किती, हे या मोजणीवरून वेगळं काढता येत नाही. खरी परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये, त्याच बारा तारखेला, त्याच दोराने.

हिशेब: खड्डा खणणं २,८००, बुजवणं ९००, तीन इंची पाइपचं नुकसान १,४००, चार इंची पाइप ६,१२०, फिटिंग, क्लॅम्प आणि सोल्युशन ३,४५०, वेल्डिंग १,२००, फिल्टर २,६००, खडी ६००, प्लंबरचे चार दिवस ४,०००, ड्रम ९००. एकूण २३,९७०. त्यातले ५,१०० निव्वळ माझ्या चुकांचे. टँकरचे ७,२०० वेगळे, ते पाच घरांत वाटले गेले.

तिसऱ्या घराने आज विचारलं, कबुतरांसाठी जाळी लावली तर त्यांचं छत जोडता येईल का. येईल, पण मग ड्रम एक पुरणार नाही. दुसरा कुठे ठेवायचा यावर संध्याकाळी गेटपाशी बैठक आहे. काकांनी आत्ताच कळवलंय, फाटकाच्या उजव्या बाजूला नाही.